फळमाशीवर प्रयोग करण्यापूर्वी : प्रश्न कसा मांडावा?
(सिन्नर येथे वेलवर्गीय भाजीपाला उत्पादकांसमोर केलेले भाषण)



कारल्याला कोणते औषध मारावे, हे मी आज सांगणार नाही. त्याची माहिती देणारी पुस्तके आहेत, आणि दुकानदार तर न विचारताही सांगतो. आज बोलायचे आहे ते त्याच्या अगोदरच्या पायरीविषयी. आपण खर्च केला, त्याचा उपयोग झाला की नाही, हे आपले आपल्याला कसे कळावे?

सिन्नरच्या पूर्व भागात पाऊस बेताचा. शेततळ्यात साठवलेल्या पाण्यावर आपण मंडप उभा करतो. बांबू, तार, सुतळी, मजुरी हा सगळा खर्च पहिल्या तोड्याच्या आधीच होऊन जातो. मग तोडा सुरू झाला की डंख लागलेली, वाकडी, पिवळी पडलेली फळे बांधावर फेकावी लागतात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातील आंब्याबरोबर कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली होती. त्यामागे मालात सापडलेली फळमाशी आणि इतर किडी हेच कारण होते. आंब्यावरील बंदी २०१५ मध्ये उठली. म्हणजे बांधावर फेकलेल्या त्या फळांचा हिशेब फार लांबपर्यंत जातो.

एका मंडपातली गोष्ट सांगतो. दोडक्याचे पीक होते. शेतकऱ्याने मोठ्या उत्साहाने बाटलीचे सापळे टांगले होते आणि आत मेलेल्या माश्यांचा खच पडला होता. ते म्हणाले, "साहेब, बघा किती माशी मारली!" मी तोड्याची पाटी पाहिली. डंखी फळे पूर्वीइतकीच होती. बाटलीतल्या माश्या कागदावर ओतल्या आणि भिंगाखाली पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. सापळ्यात मिथाईल युजेनॉल होते. त्याला आंबा-पेरूवरील फळमाशीचे नर येतात. वेलवर्गीय पिकावरील माशी वेगळी. तिच्या पाठीवर मधोमध पिवळी रेघ आणि पंखांवर तपकिरी डाग असतात, आणि तिच्या नरासाठी क्यू ल्यूर लागते. शेताच्या बांधावर पेरूची चार झाडे होती. सापळा पेरूची माशी पकडत होता, दोडक्याची माशी दोडक्यावर सुखाने अंडी घालत होती.

या शेतकऱ्याचे कष्ट कमी पडले नव्हते, त्याचा प्रश्न चुकला होता. "सापळ्यात माशी येते का?" असा प्रश्न त्याने विचारला आणि त्याला उत्तर मिळाले, "होय, येते." त्याला खरे तर विचारायचे होते, "सापळा लावल्याने डंखी फळांचे प्रमाण घटते का?" हे दोन प्रश्न एक नाहीत. योग्य ल्यूर लावले तरी सापळ्यात नर सापडतात आणि फळाला डंख मारते ती मादी. एक नर अनेक माद्यांशी संग करू शकतो, त्यामुळे थोडे नर शिल्लक राहिले तरी माद्या अंडी घालतातच. शिवाय शेजारच्या शेतातून आधीच फळलेली मादी उडून आली, तर तिला आपल्या शेतातल्या नराची गरजच नसते.

निरीक्षणातून प्रश्न कसा निघतो, याचे जुने उदाहरण आपल्याच देशातले आहे. बिहारमधील पुसा येथे हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. कोणीतरी डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, आणि डास राहिले बाजूला, रुमालावर फळमाश्या जमू लागल्या. दुसरा कोणी असता तर त्याने रुमाल झटकला असता. हाउलेट यांनी पाहिले की येणाऱ्या सर्व माश्या नर आहेत. मग प्रश्न आला : तेलातील नेमका कोणता घटक त्यांना ओढतो? १९१२ मध्ये त्यांनी तेलाविषयीचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१५ पर्यंत ते मिथाईल युजेनॉलपर्यंत पोचले. आज आपण आमराईत जो सापळा टांगतो, त्याची सुरुवात त्या रुमालात आहे.

पुढे प्रशांत महासागरातील रोटा या छोट्या बेटावर मिथाईल युजेनॉल आणि कीटकनाशक एकत्र वापरून आंबा-पेरूवरील एका फळमाशीचा नायनाट झाला. त्याच बेटावरील वेलवर्गीय पिकांची माशी मात्र १९६३ मध्ये वांझ केलेल्या माश्या सोडून संपवावी लागली. क्यू ल्यूरची ओढ मिथाईल युजेनॉलइतकी जबर नाही. तेव्हा आंब्यात सापळ्याने काम झाले म्हणून कारल्यातही तितकेच होईल, हे गृहीत धरू नका.

आता 'गृहीतक' हा शब्द. ऐकायला जड आहे, पण अर्थ सोपा आहे. गृहीतक म्हणजे प्रश्नाचे असे उत्तर, जे खोटे ठरू शकते. "सापळा चांगला आहे" हे गृहीतक नव्हे. ते कधी खोटे ठरणार, हेच त्यात सांगितलेले नाही. "फळधारणेनंतर तिसऱ्या दिवशी कारल्याला कागदी पिशवी घातली, तर तोड्यातील डंखी फळांचे शेकडा प्रमाण पिशवी न घातलेल्या फळांपेक्षा कमी राहील" हे गृहीतक. यात काय करायचे, कधी करायचे, काय मोजायचे आणि कशाशी ताडायचे, सगळे आले. प्रमाण कमी राहिले नाही, तर आपण चुकलो हे मान्य करावे लागते.

एकाच लक्षणाची दोन कारणे असतील, तर दोन गृहीतके समोरासमोर ठेवावीत. दोडक्याची कोवळी फळे पिवळी पडून गळतात आणि आपण लगेच माशीला दोष देतो. पण परागीकरण न झालेले फळही असेच सुकते. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, कारल्याचे सकाळी. फुलावर मधमाशी-पतंग फिरकले नाहीत, तर फळ धरत नाही. मग कसे ओळखावे? एकाच संध्याकाळी उमललेल्या दोडक्याच्या ऐंशी मादी फुलांना दोरे बांधा. चिठ्ठ्या टाकून त्यांचे वीस-वीसचे चार गट करा. पहिल्या दोन गटांत नर फूल फिरवून हाताने परागीकरण करा. उरलेले दोन गट निसर्गावर सोडा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जोडीतल्या एका गटाला पिशवी घाला. गळ हाताने परागीकरण केलेल्या गटांत घटली, तर कमतरता परागीकरणाची होती. पिशवी घातलेल्या गटांत घटली, तर दोषी माशी. दोन्हीकडे घटली, तर दोन्ही कारणे आहेत. ही माशी कधी कधी फुलाच्या वेळीच बीजकोषात अंडी घालते, म्हणून गळलेले प्रत्येक फळ चिरून आत अळी आहे का ते पाहा. शंका असेल, तर फळे बरणीत ओल्या वाळूवर ठेवा आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधा. अळ्या वाळूत जाऊन कोष करतात, आणि साधारण एक-दोन आठवड्यांत माशी बाहेर येते. सडक्या फळावर घोंगावणारी चिलटासारखी बारीक माशी निघाली, तर ती नंतर आलेली पाहुणी समजा. डंख तिचा नव्हे.

यानंतरचा मुद्दा असा, की तुलना कशाची कशाशी करायची. येथे आमचीही चूक झालेली आहे. एका चाचणीत आम्ही मक्याच्या कडेची ओळ आणि मंडपाच्या मधली ओळ यांची तुलना केली आणि फरक पाहून खूश झालो. ही माशी दिवसाचा बराच वेळ कडेच्या मक्यावर, उंच झाडोऱ्यावर बसून काढते, हे लक्षात घेतलेच नव्हते. फरक जागेचा होता, श्रेय मात्र प्रक्रियेला मिळाले. ती चाचणी पुन्हा करावी लागली.

पिशवीची चाचणी एका मंडपात जमते. तरी एकाच वेलावरील निम्म्या फळांना पिशवी घालू नका. झाकलेल्या फळांवरून हटलेली माशी उघड्या फळांवर जाईल आणि फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसेल. पूर्ण ओळ घ्या, आणि ओळींत अंतर सोडा. सापळ्याची चाचणी मात्र एका मंडपात होतच नाही. ल्यूरचा गंध लांबवर जातो, त्यामुळे शेजारची 'सापळा नसलेली' ओळ ही सापळा नसलेली राहतच नाही. तेथे शेत हा एक घटक धरावा लागतो, तोही एकमेकांपासून दूर असलेला. म्हणजे आठ-दहा जणांनी एकत्र यायला हवे. मला वाटते, सापळ्यांबाबतची निम्मी भांडणे येथेच उगवतात. एकट्याने चाचणी केली, उत्तर काहीच आले नाही, आणि दोष सापळ्याला.

ओळी किती घ्याव्यात? दोन ओळी घेतल्या आणि पिशवीची ओळ चांगली निघाली, तर त्याला अर्थ नाही. पिशवीचा काडीचा उपयोग नसला, तरी दोनपैकी एक ओळ सरस निघणारच. ती पिशवीची असण्याची शक्यता निम्मी. आता सहा जोड्या घ्या. प्रत्येक जोडीत शेजारच्या, सारख्या जोमाच्या दोन ओळी. पिशवी कोणत्या ओळीला, हे प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवून ठरवा. स्वतःच्या पसंतीने ठरवले, तर हात नकळत चांगल्या ओळीकडे जातो. सहाही जोड्यांत पिशवीची ओळ सरस निघाली, तर निव्वळ योगायोगाने असे होण्याची शक्यता चौसष्टात एक. त्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पाच सरस आणि एक उलटी निघाली, तर पाच किंवा अधिक जोड्या नुसत्या योगायोगाने सरस निघण्याची शक्यता चौसष्टात सात, म्हणजे नवात एकाच्या जवळपास. तेव्हा घाईने पैसे गुंतवू नका, आणखी एक हंगाम पाहा. मोठे संख्याशास्त्र न शिकताही एवढे गणित पाटीवर करता येते.

नोंदीत बाजारात गेलेली फळे तेवढी मोजू नका. फेकलेली, गळलेली, सगळी मोजा. समजा एका ओळीत दोनशे फळांपैकी चाळीस डंखी, म्हणजे शेकडा वीस. दुसरीत दीडशेपैकी तीस, तरीही शेकडा वीसच. नुसती 'तीस' आणि 'चाळीस' लिहिली असती, तर खोटा फरक दिसला असता. मोजणाऱ्याला शक्यतो कोणती ओळ कोणती हे माहीत नसावे. पिशवी घातलेली फळे आधी पिशवीतून काढून क्रेटमध्ये ठेवा, क्रेटला आकडा द्या आणि मग घरातल्या दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. मजुरीचे तास आणि कागदाचा खर्चही त्याच वहीत लिहा. डंख घटला, पण वाचलेल्या फळांपेक्षा मजुरी जास्त गेली, तर ते उत्तरही आपल्या उपयोगाचेच आहे.

आमिषात कीटकनाशक मिसळून चाचणी करायची असेल, तर त्या पिकासाठी लेबलवर नोंद असलेलेच घ्या आणि तोडणीपूर्वीचा काळ पाळा. गुळाचे आमिष चांगले की प्रथिनाचे, असा प्रश्न अनेकांनी चिठ्ठीवर लिहून दिला आहे. प्रश्न उत्तम आहे. अंडी पिकण्यासाठी मादीला प्रथिन लागते, म्हणून माझा अंदाज प्रथिनाकडे झुकतो. पण तो अंदाज आहे. दोन्ही आमिषे सारख्या भांड्यांत, सारख्या उंचीवर ठेवा, दर दोन दिवसांनी जागा अदलाबदल करा, आणि आत पडलेल्या माश्यांत माद्या किती हे वेगळे मोजा. मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी असते; भिंगातून स्पष्ट दिसते.

समोरच्या टेबलावर भिंगे, सुतळी आणि आकड्यांचे बिल्ले ठेवले आहेत. चहा झाल्यावर मागच्या कारल्याच्या मंडपात जाऊ आणि पहिल्या सहा जोड्यांसाठी नाणे उडवू. नाणे तुमच्यापैकीच कोणीतरी उडवा.