किल्ली कोणाच्या हातात?

(गोराई गावात झालेल्या मासिक सभेत मी जे बोलले, ते ज्या ताईंना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून काढलं आहे.)



आज हप्ता, व्याज, थकबाकी यावर मी बोलणार नाही. आधी एक काम करा. आपापल्या पिशवीतल्या किल्ल्या काढा आणि समोर ठेवा.

बघा, किती आवाज झाला! तुमच्यातल्या बऱ्याच जणी रोज सकाळी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला घरकामाला जातात. कोणाकडे दोन घरांच्या किल्ल्या आहेत, कोणाकडे चार. आता मला सांगा, तुमच्या स्वतःच्या घराच्या एकूण किल्ल्या किती आणि त्या या घडीला कुठे आहेत? एक नवऱ्याकडे, एक मुलीच्या दप्तरात, एक पायपुसण्याखाली... आणि ती मागच्या वर्षी करून घेतलेली डुप्लिकेट? ती कोणालाच आठवत नाही. घरी वाचत असाल तर तुम्हीही मोजून बघा.

हा विषय मी का घेतला ते सांगते. माझी आई मुलुंडला घरकाम करायची. तिच्या जुडग्यात तीन घरांच्या किल्ल्या होत्या आणि आमच्या खोलीची एक. मी तेव्हा चौथीत होते. एक दिवस शाळेतून आले तर दाराला कुलूप. आई रोज चारला यायची. पाच वाजले, सहा वाजले. मी ओट्यावर बसून राहिले. शेजारच्या काकूंनी आत बोलावलं, चहा-चपाती दिली. आई आली ती साडेआठला. रडून डोळे सुजलेले. एका घरातली सोन्याची चेन सापडत नव्हती. घराची किल्ली आईकडे होती, म्हणून संशय आईवर. चार तास तिला तिथेच बसवून ठेवलं. चेन दोन दिवसांनी त्यांच्याच उशीच्या अभ्र्यात मिळाली. माफी कोणी मागितली नाही. त्यानंतर आईने कोणाच्याच घराची किल्ली घेतली नाही, आणि त्यापायी दोन कामं सुटली.

त्या संध्याकाळचे मला दोनच प्रश्न पडतात. आईकडे किल्ली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ती कधी आली, कधी गेली याची नोंद का नव्हती? आणि त्या काकू नसत्या, तर मी कुठे गेले असते?

आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. बँकेतून पैसे काढायला एकीची सही चालत नाही, दोघींची लागते. अध्यक्षताईंवर आपला विश्वास नाही म्हणून का? उलट, उद्या त्यांच्यावर आळ येऊ नये म्हणून. नियम हा भरवशाच्या माणसाचं रक्षण करतो. घराच्या किल्लीलाही हेच लागू आहे.

आता पहिली गोष्ट, मुलांची. मुलाच्या हातात किल्ली कोणत्या वयात द्यावी, याचं उत्तर वयात नाही, सरावात आहे. तुम्ही घरात असताना त्याला बाहेर उभं करा. कुलूप उघडू दे, आत येऊन कडी लावू दे, तुम्हाला फोन करू दे. हे आठ दिवस न चुकता जमलं, तरच किल्ली द्या. किल्ली दोरीत ओवून कपड्याच्या आत राहू दे. गळ्यात बाहेर लोंबणारी किल्ली म्हणजे “माझ्या घरी कोणी नाही” अशी पाटीच. किल्लीला पत्ता किंवा खोली नंबर बांधू नका. हरवली तर सापडणाऱ्याला सरळ घरच सापडतं.

पायपुसणं, तुळशीची कुंडी, मीटरची पेटी, चपलांचा रॅक या जागा आपल्याला गुप्त वाटतात. चोर आधी तिथेच बघतो. त्यापेक्षा जादा किल्ली एका भरवशाच्या शेजारणीकडे द्या आणि तिची तुमच्याकडे ठेवा. आकड्यांचं कुलूप लावत असाल तर तीन आकड्यांत हजार जुळण्या होतात, चार आकड्यांत दहा हजार. चार आकड्यांचं घ्या. जन्मसाल आणि १२३४ ठेवू नका.

घरात ठरवून एक परवलीचा शब्द ठेवा. “तुझ्या आईने पाठवलंय, दार उघड,” असं कोणी म्हणालं तर मुलाने तो शब्द विचारायचा. सांगता आला नाही तर दार उघडायचं नाही, मग तो मामा असो की केबलवाला. मूल उद्धट झालं असं म्हणू नका, शाबासकी द्या.

आणि हे मात्र हात जोडून सांगते. लहान मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. मला माहीत आहे, मजा म्हणून कोणी लावत नाही. काम सोडता येत नाही म्हणून लावतो. पण आत गॅस गळला, वायर पेटली, तर ते मूल बाहेर कसं येणार? निघताना रेग्युलेटर बंद करा. मुलांना शिकवा की गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, दार उघडून आधी बाहेर पळायचं, फोन नंतर. गॅसगळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. त्यापुढच्या वेळेसाठी गटातल्या पाच जणींनी वार वाटून घ्या. एकीने एक दिवस पाच घरांची मुलं सांभाळली, तर चार जणी निर्धास्त कामाला जातात.

दुसरी गोष्ट, आपल्या घरी येणाऱ्या माणसांची. गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, शिकवणीचा सर, पोटभाडेकरू. मूल एकटं असताना दुरुस्तीचं काम ठेवायचंच नाही. सिलिंडरचा कोड सिलिंडर हातात आल्यावरच सांगायचा. शिकवणी दार उघडं ठेवून, शक्यतो दोन-तीन मुलं मिळून. भाडेकरू ठेवलात तर त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्या, ऑनलाइनही देता येते. कोणी घर सोडून गेलं, किल्ली हरवली, घरात भांडण होऊन कोणी निघून गेलं, तर किल्ली परत मागत बसू नका. कुलूपच बदला. डुप्लिकेट किती निघाल्या हे कोण सांगणार?

एक कटू गोष्ट. लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक प्रकरणांत मुलाला त्रास देणारा माणूस ओळखीचाच निघतो. म्हणून मुलांना फक्त “अनोळखी माणसाशी बोलू नको” एवढंच शिकवून भागत नाही. “आईला सांगू नकोस” असं जो म्हणेल, त्याचं आईला आधी सांगायचं, हे शिकवा. आणि मुलाने सांगितलं तर “तूच काहीतरी केलं असशील” हे वाक्य तोंडातून काढू नका. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र. ही सेवा १९९६ मध्ये आपल्याच मुंबईत, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाली आणि मग देशभर गेली. पोरांना “दहा-नऊ-आठ” असं उलटं मोजायला शिकवा, विसरणार नाहीत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, पोलिसांनी गणवेशात यायचं नसतं आणि मुलाचं नाव जाहीर करायचं नसतं. तेव्हा अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याच्या घराची किल्ली तुमच्याकडे असेल तेव्हाची. किल्ली घेतली त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, “ताई, तुमच्या घराची एक किल्ली आज मिळाली.” परत केली की तेही लिहा. ओळखायला नाव न लिहिता रंगीत दोरा बांधा. ते गावाला जाणार असतील आणि त्या दिवसांत तुमचं काम नसेल, तर किल्ली परत द्या. बदलीवर दुसरीला पाठवताना परस्पर तिच्या हातात किल्ली देऊ नका. आधी मालकिणीला विचारा. सोसायटीच्या गेटवर फोनमध्ये किंवा वहीत तुमची नोंद होते, त्याचा राग मानू नका. तुम्ही अकराला बाहेर पडलात हे उद्या तीच वही सांगेल. पिशवी तपासणं, अंग चाचपणं ही वेगळी गोष्ट. ती अपमानाची आहे आणि तिथे गटाने मिळून बोलायला हवं.

घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ चा कायदा आहे. त्याखाली मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी होते. कामगार कार्यालयात आधार, फोटो आणि काम देणाऱ्या घराचा दाखला घेऊन जायचं. ओळखपत्र मिळतं.

तरीही आळ आलाच, तर? घाबरून पळू नका आणि न वाचलेल्या कागदावर सही करू नका. गटातल्या एकीला फोन करा, ती येईपर्यंत थांबा. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी लागते. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून फुकट वकील मिळतो. नंबर १५१००. माझ्या आईला त्या दिवशी यातलं एकही माहीत नव्हतं. चार तासांत तिच्या बाजूने उभं राहायला कोणी आलं नाही, कारण कोणाला बोलवायचं तेच तिला ठाऊक नव्हतं. तुमच्या पाठीशी दहा जणींचा गट आहे.

पुढच्या सभेपर्यंत तीन कामं करा. बचतीच्या वहीच्या शेवटच्या पानावर घरातल्या किल्ल्यांची यादी लिहा, कोणती कोणाकडे आहे ते. घरात परवलीचा शब्द ठरवा, तो मला सांगू नका! आणि गटात ठरवा की एखादीला उशीर झाला तर तिची मुलं कोणाच्या घरी थांबतील. ते घर मुलांना नेऊन दाखवा.

आमच्या त्या काकू आता थकल्या आहेत. मुलुंडला गेले की मी अजून त्यांच्याकडे चहा घेते. तुमच्या प्रत्येक मुलाला असं एक घर माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

चला, किल्ल्या मोजून पिशवीत ठेवा. कोणाची इथे राहायला नको!