छंदातून उभी राहिलेली कार्यप्रणाली
(शिक्षक-सहविचार सभेतील भाषण)



आज प्राथमिक शिक्षकाच्या खिशात भ्रमणध्वनी असतोच. हजेरी, पोषण आहाराची माहिती, वरिष्ठ कार्यालयाची परिपत्रके हे सारे त्याच्यावाटे येते आणि जाते. परंतु ह्या यंत्राच्या पोटात काय चालते, ते कोण ठरवतो आणि पैसे मोजून ते विकत घेणाऱ्याचा त्यावर कितपत अधिकार असतो, ह्याचा विचार फारसा होत नाही. ज्यांनी तो विचार केला आणि निव्वळ छंद म्हणून त्याचा पाठपुरावा केला, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील स्टीव्ह कोंडिक. त्यांच्या उद्योगाची हकिकत शिक्षकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

प्रथम कार्यप्रणाली म्हणजे काय, ते पाहणे इष्ट होईल. फोनमध्ये गणन करणारी चिप, स्मृती, पडदा, कॅमेरा असे अनेक भाग असतात आणि एकाच वेळी अनेक ॲपना त्यांची गरज लागते. मुख्याध्यापक ज्याप्रमाणे वर्गखोल्या आणि तासिका ह्यांची वाटणी करतात, आणि दोन वर्ग एकाच खोलीवर हक्क सांगू लागले तर निवाडा देतात, त्याप्रमाणे फोनमधील साधनांची वाटणी करणारी जी व्यवस्था, ती कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या गाभ्यास कर्नल म्हणतात. अँड्रॉइड फोनांमध्ये हा गाभा लिनक्सचा असतो. लिनक्सचा आरंभही छंदातूनच झाला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला आणि सर्वांना खुला केला.

अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन, एचटीसी कंपनीने बनवलेला 'जी १', ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्याच महिन्यात गूगलने अँड्रॉइडची मूळ संहिता प्रसिद्ध केली. ही संहिता कोणीही वाचावी, तीत फेरफार करावा आणि तो इतरांस द्यावा, अशी परवान्यानेच मुभा होती. तथापि एक अडचण होती. संहिता खुली होती, पण फोन बंद होता. पाककृती छापून घरोघर वाटावी आणि चुलीला मात्र कुलूप लावावे, तसा हा प्रकार झाला. फोनमधील सर्वोच्च अधिकार, ज्याला जाणकार 'रूट' म्हणतात, तो विकत घेणाऱ्याच्या हाती दिलेलाच नव्हता. त्यामुळे स्वतः सुधारलेली प्रणाली स्वतःच्याच फोनवर चढवता येत नसे.

हे कुलूप एका गमतीदार चुकीमुळे उघडले. नोव्हेंबर २००८ मध्ये काही वापरकर्त्यांच्या ध्यानात आले की, ह्या फोनच्या कळफलकावर जे टंकित करावे, ते पडद्यावर उमटते, शिवाय पडद्याआड सर्वोच्च अधिकाराची आज्ञा म्हणूनही पाळले जाते. मित्राला निरोप लिहिताना 'रीबूट' हा शब्द लिहून पुढची कळ दाबली की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई! गूगलने ही चूक त्वरेने दुरुस्त केली. ती दुरुस्ती आवश्यकच होती, कारण अशा उघड्या दारातून चोरही आत येतो. पण त्या दुरुस्तीबरोबर मालकाच्या हाती आलेला अधिकारही जाणार होता.

येथे 'जीझसफ्रीक' हे टोपणनाव धारण करणाऱ्या एका प्रोग्रॅमरने मार्ग काढला. त्याने दुरुस्त झालेली प्रणाली घेतली, तीत मालकाचा सर्वोच्च अधिकार शाबूत ठेवला आणि ती सर्वांस उपलब्ध करून दिली. सुरक्षितताही राहिली आणि अधिकारही राहिला. कोंडिक ह्यांनी आपले काम ह्याच पायावर उभारले. त्यांचे टोपणनाव होते 'सायनोजेन', जे कार्बन आणि नायट्रोजन ह्यांच्या एका विषारी वायूचे नाव आहे. म्हणून त्यांच्या प्रणालीला 'सायनोजेनमॉड' हे नाव पडले.

हा फोन आजच्या मानाने अगदी दरिद्री होता. त्याची कार्यस्मृती अवघी १९२ मेगाबाइट होती, आणि ॲप साठवण्यास जागा इतकी अपुरी की थोड्याच दिवसांत ती भरून जाई. छंदिष्टांनी ह्या दारिद्र्यावरच आपले लक्ष केंद्रित केले. ॲप फोनमध्ये न ठेवता बाहेरून बसवलेल्या मेमरी कार्डावर ठेवण्याची सोय सायनोजेनमॉडमध्ये २००९ सालीच होती. अँड्रॉइडच्या अधिकृत आवृत्तीत तशी सोय २०१० साली आली. ज्याला रोज अडचण सोसावी लागते, त्याला उपाय लवकर सुचतो, हा अनुभव एकशिक्षकी शाळा चालवणाऱ्यांना नवा नाही.

ह्या कामाची रीत सांगण्यास सोपी असली तरी आचरण्यास चिकाटीची आहे. मूळ संहिता उतरवून घ्यावयाची, तीत हवा तो फेरफार करावयाचा, संगणकाकडून तिचे यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर करवून घ्यावयाचे, सिद्ध झालेली फाइल फोनवर चढवावयाची आणि फोन सुरू होतो की नाही ह्याची वाट पाहावयाची. एखादी ओळ चुकली तर फोन आरंभीच्या चिन्हापाशीच अडकून बसतो. मग चूक शोधावयाची आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा.

१ ऑगस्ट २००९ च्या सुमारास जीझसफ्रीक ह्याने आपले काम थांबवले. थांबताना त्याने आपल्या वापरकर्त्यांना सांगितले की, ह्यापुढे कोंडिक ह्यांची प्रणाली घ्यावी. सरकारी भाषेत बोलावयाचे तर त्याने कार्यभार रीतसर सोपवला. काम उघडे असल्यामुळे सोपवण्यास दप्तराच्या किल्ल्या द्याव्या लागल्या नाहीत.

लगेचच सप्टेंबर २००९ मध्ये एक पेच उद्भवला. अँड्रॉइडची संहिता खुली असली तरी गूगलची नकाशे, जीमेल, यूट्यूब, ॲपचा बाजार ही ॲप खुली नव्हती. ती सायनोजेनमॉडबरोबर वाटली जात होती. ती वाटू नयेत, अशी कायदेशीर नोटीस गूगलने धाडली. ह्या प्रसंगी पुष्कळांना वाटले की आता हा उद्योग बुडाला. परंतु लवकरच तोडगा निघाला. कोंडिक ह्यांनी केवळ खुला भाग वाटावा, आणि ज्याच्या फोनमध्ये गूगलची ॲप मुळातच आलेली आहेत, त्याने आपल्यापुरती त्यांची प्रत राखून ती पुन्हा बसवावी, असे ठरले. दिलेले काय आणि न दिलेले काय, ह्यांतील सीमारेषा ह्या प्रसंगाने स्पष्ट केली. विद्यार्थ्याला शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे आणि ग्रंथालयातील पुस्तकातून टिपण काढणे ह्यांतील भेद समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

पुढे काम वाढत गेले. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांचे सुटे भाग निरनिराळे असतात आणि त्यांची माहिती बहुधा गुप्त राखली जाते. म्हणून ज्याच्यापाशी जो फोन असेल, त्याने त्या फोनाची जबाबदारी घ्यावी अशी पद्धत पडली. एकाने केलेला फेरफार दुसऱ्याने वाचून तपासल्यावाचून मूळ प्रतीत घेतला जात नसे. ह्या सामुदायिक श्रमाचे फळ पाहा. जी १ फोनाला अँड्रॉइडच्या १.६ ह्या आवृत्तीपलीकडे अधिकृत सुधारणा मिळाली नाही. सायनोजेनमॉडने ऑगस्ट २०१० मध्ये त्याच फोनावर २.२ ही आवृत्ती चालवून दाखवली. कंपनीच्या लेखी जुन्या झालेल्या यंत्राचे आयुष्य त्याच्या मालकांनीच वाढवले.

ऑगस्ट २०११ मध्ये कोंडिक ह्यांना सॅमसंगने नोकरीस घेतले. २०१३ साली ते तेथून बाहेर पडले आणि छंदाची कंपनी झाली. 'सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड' ह्या नावाने भांडवल उभारण्यात आले. २०१४ साली 'वनप्लस वन' हा फोन हीच प्रणाली घेऊन बाजारात आला. भारतात मात्र ह्या प्रणालीच्या विक्रीचा विशेष हक्क मायक्रोमॅक्सला दिल्याचे सांगण्यात आले, आणि तो वाद त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जी वस्तू सर्वांची म्हणून वाढली, तिच्या हक्कासाठी दोन कंपन्या न्यायासनासमोर उभ्या राहिल्या. कंपनी फार काळ टिकली नाही. २०१६ च्या अखेरीस कोंडिक तिच्यातून बाहेर पडले, आणि ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत सर्व सेवा बंद होतील असे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी हे रोप लावले, त्यांच्यापाशी ना कंपनी उरली ना नावाचा हक्क उरला.

येथेच ह्या हकिकतीचे मर्म आहे. नाव गेले, पण काम गेले नाही. संहितेची प्रत अनेकांपाशी होती, प्रत्येक फेरफाराची नोंद होती आणि ती वाचू शकणारी माणसे होती. त्याच डिसेंबरात ह्या मंडळींनी तेच काम 'लिनिएजओएस' ह्या नावाने पुढे चालवण्याचे ठरवले. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. नाव साजेसेच आहे. जीझसफ्रीकपासून कोंडिकपर्यंत आणि कोंडिकपासून ह्या स्वयंसेवकांपर्यंत ते काम हातोहात आले, आणि आजही ते चालू आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला ह्या गोष्टीचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. एखादा शिक्षक वर्षानुवर्षे खपून गणिताची साधने तयार करतो, मागे पडलेल्या मुलांसाठी वाचनाची पद्धत बसवतो, परसबाग उभी करतो. मग बदलीचा आदेश येतो. तो गेल्यावर दोन वर्षांनी त्या शाळेत पाहावे तर साधने कपाटात धूळ खात असतात आणि परसबागेत गवत माजलेले असते. नवा शिक्षक आळशी असतो असे नाही. कोणते साधन कशासाठी, कोणता प्रयोग कोठे फसला, हे त्याला सांगणारे काही मागे राहिलेले नसते. प्रयोगाची वही लिहिली असेल, ती शाळेच्या दप्तरी ठेवली असेल आणि शेजारच्या शाळेतील शिक्षकाने ती एकदा वाचून तपासली असेल, तर बदली माणसाची होते, कामाची होत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. फोनवर अशी प्रणाली चढवताना चूक झाल्यास फोनचा दगड होतो, त्यातील माहिती पुसली जाते आणि हमीही बहुधा संपते. बँकेची काही ॲप अशा फोनवर चालत नाहीत. तेव्हा रोजच्या वापरातील एकुलत्या एक फोनावर हा प्रयोग कोणी करू नये. ज्याला हौस आहे त्याने अडगळीतील जुना फोन घ्यावा, त्याच्यासाठी प्रणाली उपलब्ध आहे की नाही ते आधी पाहावे आणि सूचना संपूर्ण वाचल्यावरच हात घालावा. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही त्यालाही काम आहे. अशा खुल्या प्रणालींतील शब्दांचे भाषांतर स्वयंसेवकच करतात, आणि शुद्ध, सोपे मराठी लिहिणारा माणूस शिक्षकांइतका अन्यत्र क्वचितच सापडेल.

वरच्या वर्गातील एखादा मुलगा किंवा मुलगी बिघडलेला फोन हाती घेऊन "हा आतून कसा चालतो?" असे विचारील, तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. मुलाला एक वही द्यावी आणि जे जे करून पाहशील ते ते तीत लिही, म्हणजे तुझ्यामागून येणाऱ्याला उपयोगी पडेल, एवढे सांगावे.