राजीची पहिली पावले

(पालक-मेळाव्यातील भाषण)



खेळ म्हटले की रांझीच्या जुन्या पिढीला कारखान्यांच्या वसाहतींतील मैदाने, लगोरी आणि कबड्डी आठवते. आजच्या मुलाला विचारावे, तर तो एखाद्या मायावी नगरीचे वर्णन करू लागतो. तिथे बुरूज असतात, असुर असतात, आणि वाट न सापडलेला एक एकटा वीर असतो. वडीलधाऱ्यांना त्यातले काही उमगत नाही. मग ‘बंद कर ते आधी’ या वाक्यावर संभाषण संपते. आजचे चार शब्द त्या संपलेल्या संभाषणाविषयी आहेत.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ नावाचा व्हिडिओ गेम घडविला. (राजी आणि रांझी यांतील नादसाम्य हा योगायोगच, पण येथील मुलांना तो आवडावा.) २०१७ साली त्यासाठी मांडलेली लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी काम थांबले नाही. २०२० साली खेळ प्रसिद्ध झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. खेळाडूने स्वतःचे पात्र घडवीत न्यायचे, असा भूमिका-खेळ तो काटेकोर अर्थाने नव्हे. राजी ही राजीच राहते. पण अद्भुत जगात पहिले पाऊल टाकताना पात्र आणि स्थळ मनावर कसे उमटते, हे पाहण्यास तो उत्तम आहे.

प्रारंभ साधा आहे. राजी ही कसरती करून पोट भरणारी मुलगी. महाबलासुराचे असुर चाल करून येतात आणि तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. भाऊबीज जाणणाऱ्या घराला याहून अधिक प्रस्तावना लागत नाही. ती राजकन्या नाही, योद्ध्याची लेक नाही. दुर्गेचा त्रिशूळ हाती येतो तो पुढे. त्याआधी तिच्यापाशी असते ते केवळ चपळ शरीर. भिंतीवरून धावणे, खांबाला धरून गिरकी घेणे, ही जत्रेतली कसब तिला लढाईत उपयोगी पडते. पोटासाठी शिकलेली विद्या अशी मानाने वापरली जाताना पाहून कामगारवस्तीतल्या मुलाला काय वाटत असेल, याचा विचार पालकांनी अवश्य करावा.

तिचा स्वभाव कुणी सांगत नाही. तो बराचसा स्थळातून कळतो. दृश्य उंचावरून आणि दुरून दिसते. प्रचंड स्तंभ, पायऱ्या, राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवर पहाडी चित्रशैलीची छाया, आणि त्यांच्यामध्ये बोटाएवढी राजी. ती किती एकटी आहे, हे त्या मापावरूनच समजते. वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याविषयी बोलत राहतात. मधले कथाप्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. सिंधुदुर्गातील पिंगुळीला ठाकर कलावंतांनी जपलेला चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. काही ठिकाणी चित्राची वर्तुळे फिरवून जुळवावी लागतात; जुळली की बहीण-भावाची एखादी आठवण पूर्ण होते. हातांनी आठवण जुळवण्याची ही कल्पना फार सुंदर आहे.

दोष आहेत. शेवट अर्धवट सोडल्यासारखा येतो, मारामारीही पुष्कळ आहे. वेळेचे बंधन घालणाऱ्या आईचे काहीच चुकत नाही.

परंतु खरी उणीव खेळात नाही, ती आपल्या घरात आहे. पुढे २०२२ च्या आवृत्तीत राजीला हिंदी आवाज मिळाला. रांझीतील मराठी मूल शेजारी हिंदी बोलते, पडद्यावर हिंदी नाही तर इंग्रजी ऐकते, आणि राजी कुठे उभी आहे असे विचारले तर ‘टेम्पलमध्ये’ एवढेच सांगते. गाभारा, सभामंडप, प्राकार, कोनाडा, झरोका हे शब्द त्याच्यापाशी नाहीत. ते त्याच्या आजीपाशी आहेत. आणि आजी पलीकडच्या खोलीत बसली आहे.

भेडाघाटचे चौसष्ट योगिनींचे मंदिर येथल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. कलचुरींच्या काळातील तो गोल प्राकार, त्यातल्या भग्न मूर्ती, मध्यभागी गौरीशंकराचे देऊळ. सहलीत त्या पायऱ्या मुले धावत चढतात आणि धावतच उतरतात. राजी खेळलेल्या मुलाला घेऊन एका रविवारी पुन्हा तिथे जावे. राजी या दारातून आत आली असती, तर तिला आधी काय दिसले असते, असे त्याला विचारावे. आणि तो सांगत असताना आजीलाही जवळ बसवावे.