औषध थांबते, परिणाम रेंगाळतो
(वार्षिक सभेतील व्याख्यान)



औषधांच्या चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णांचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टरसाहेब, एक औषध बंद केले, मग दुसरे लगेच का देत नाही? मधले आठ-दहा दिवस आमच्या माणसाला औषधाविना का ठेवता?" प्रश्न रास्त आहे.

क्रॉसओव्हर चाचणीत प्रत्येक रुग्ण दोन्ही औषधे आळीपाळीने घेतो. निम्म्यांना आधी 'अ' व मग 'ब', उरलेल्यांना उलट क्रमाने. कोणाचा क्रम कोणता, हे यदृच्छया ठरते. रुग्णाची तुलना स्वतःशीच होत असल्याने थोड्या रुग्णांतही निष्कर्ष निघू शकतो. मात्र 'अ'चा अंश शरीरात असतानाच 'ब'ची मोजमापे घेतली, तर 'अ'चे श्रेय 'ब'च्या खात्यावर जमा होते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास ३० ते ५० तास लागतात. असे पाच वेळा निम्मे झाले की सुमारे ३ टक्के उरते. म्हणजे आठवडा-दीड आठवडा गेलाच.

हा रेंगाळलेला परिणाम मागाहून हुडकता येणार नाही काय? १९६५ साली ग्रिझल यांनी मार्ग सुचविला. प्रत्येक रुग्णाच्या दोन्ही कालखंडांतील मोजमापांची बेरीज करावयाची. परिणाम रेंगाळत नसेल, तर दोन्ही गटांची सरासरी बेरीज सारखीच यावी. फरक दिसल्यास केवळ पहिल्या कालखंडावरून निकाल काढावयाचा. वरकरणी हिशेब चोख! परंतु येथे तुलना होते ती निरनिराळ्या माणसांची, आणि माणसामाणसांतील मूळचा फरकच एवढा मोठा असतो की खरा दोष त्यात बुडून जातो. पुढे १९८९ मध्ये फ्रीमन यांनी या पद्धतीतील आणखी एक धोका दाखवून दिला. बेरजेत पहिल्या कालखंडाचे आकडे असतातच. बेरीज निव्वळ योगायोगाने बिघडते, तेव्हा बहुधा तेही बिघडलेले असतात, आणि आपण नेमके त्यांच्यावरच विसंबतो! परिणामी, समान गुणाची दोन औषधे भिन्न ठरण्याचा संभव वाढतो.

म्हणून हा दोष चाचणीच्या आखणीतच टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मधले दिवस त्यासाठीच असतात. ज्यांना औषधाविना ठेवणे धोक्याचे, त्यांना दुसरे औषध लगेच द्यावे. मात्र सुरुवातीच्या दिवसांची मोजमापे निकालात धरू नयेत. (न्यूमोनियासारखा आजार पहिल्याच औषधाने बरा होतो, तेथे ही पद्धत मुळातच गैरलागू.)

मोकळ्या दिवसांमुळे चाचणी लांबते, खर्चही वाढतो. अंदाजपत्रकाच्या बैठकीत कात्री प्रथम याच दिवसांवर चालविण्याचा मोह होतो. विश्वस्तांनी तीस संमती देऊ नये, एवढीच विनंती.