वेगाचा लगाम

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, घाट उतरताना मोटारीच्या चाकांजवळून येणारा करपट वास आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. जाणता चालक अशा वेळी गाडी बाजूस घेतो, ब्रेक निवू देतो आणि मगच पुढे निघतो. ब्रेक वेग नाहीसा करीत नाही. तो वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. ती उष्णता कोठे ठेवावयाची आणि किती लवकर वाऱ्यावर सोडावयाची, हाच खरा प्रश्न असतो. कार्बन-सिरॅमिक ब्रेक हे या प्रश्नाचे एक अत्यंत महागडे उत्तर आहे.

हा विषय माझ्या घरात शिरला तो पुतण्यामुळे. त्याने एक वापरलेली स्पोर्ट्‌स कार विकत घेतली. चाकांच्या आरांमागे करड्या रंगाच्या, काहीशा चितकबऱ्या तबकड्या दिसत होत्या. तो मोठ्या अभिमानाने म्हणाला, "काका, ह्या बिडाच्या तबकड्या नव्हेत. आता ब्रेकची काळजीच मिटली!" महिन्याभराने तो एका शर्यतमार्गावर गाडी चालवून परतला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. पाचव्या फेरीत, सरळ पल्ल्याच्या टोकाशी, ब्रेकचा पायटा दाबताच तो थेट तळाशी गेला. गाडी खडीत शिरून थांबली. मुलगा सुखरूप होता, पण त्याचा विश्वास डळमळला होता.

त्याच्याबरोबर बसून मी थोडे गणित मांडले. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने धावत असता तिच्यात सुमारे २३ लाख ज्यूल ऊर्जा असते. ती गाडी एकदा थांबवण्यात जी उष्णता निर्माण होते, तिने ३० अंशांवरचे जवळजवळ ८ लिटर पाणी उकळीस येईल. वेग निम्मा केला, तर ही उष्णता चौथाईवर येते. रस्त्यावर असा प्रसंग क्वचित येतो. शर्यतमार्गावर तो प्रत्येक फेरीत अनेकदा येतो. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथील बुद्ध मार्ग ५.१२५ किलोमीटर लांबीचा आहे. २०११ ते २०१३ या काळात तेथे फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती झाल्या. तेथील सुमारे एक किलोमीटरच्या सरळ पल्ल्यानंतर लगेच अरुंद वळण येते. ब्रेकची परीक्षा व्हावयाची ती अशा ठिकाणी.

आता ही तबकडी होते कशी, ते पाहू. कार्बनच्या तंतूंचे तुकडे राळेत मिसळून साच्यात घालतात. तो साचा हवेविना तापवला, की राळेचा कोळसा होतो आणि सच्छिद्र तबकडी उरते. मग १४१४ अंशांवर वितळणारे सिलिकॉन त्या छिद्रांत मुरवतात. कार्बनशी त्याचा संयोग होऊन सिलिकॉन कार्बाइड बनते. धार लावण्याच्या चाकांत वापरतात, तोच हा कठीण पदार्थ. २००१ साली पोर्शे ९११ जीटी-२ या गाडीला अशा तबकड्या कारखान्यातूनच बसवून मिळू लागल्या.

या तबकडीचे गुण निःसंशय मोठे आहेत. बिडाच्या तबकडीच्या मानाने तिचे वजन सुमारे निम्मे भरते. चाकाकडील भार कमी झाल्याने चाक रस्त्याच्या उंचसखलपणाशी अधिक चांगले जुळवून घेते. ती गंजत नाही, आणि अतिशय तापली तरी तिची पकड फारशी ढळत नाही. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. या ब्रेकमुळे गाडी कमी अंतरात थांबते, असे अनेकांना वाटते. एकदाच जोराने थांबावयाचे असेल, तर अंतर ठरते ते टायरच्या पकडीने. चाक जखडून टाकण्याइतके बळ बिडाच्या ब्रेकमध्येही असते. सिरॅमिकचा लाभ दिसतो तो दहाव्या आणि पंधराव्या वेळी थांबताना.

आणि तिचे दोषही त्याच ठिकाणी प्रकट होतात. बिडाची तबकडी जाडीने झिजते. ती मोजपट्टीने मोजता येते. सिरॅमिक तबकडीची जाडी कायम दिसते, परंतु प्रखर उष्णतेत तिच्यातील कार्बन हवेशी संयोग पावून हळूहळू जळून जातो. तिची झीज डोळ्यांना दिसत नाही, तराजूला दिसते; म्हणूनच अशा तबकडीवर किमान वजन कोरलेले असते. शिवाय चाक बसवताना धक्का लागला, तर तिचा टवका उडतो. रस्त्यावर जी तबकडी गाडीच्या आयुष्याला पुरते, ती शर्यतमार्गावर फार लवकर संपते, आणि नव्या तबकड्यांची किंमत ऐकून भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हणून अनेक अनुभवी चालक मूळ तबकड्या काढून पेटीत जपून ठेवतात आणि मार्गावर बिडाच्या वापरतात.

मग पुतण्याचा पायटा तळाशी का गेला? तबकड्या उत्तम होत्या. आम्ही त्या वजन करून पाहिल्या. दोष ब्रेकच्या तेलात होता. हे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ जातीचे नवे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलाची ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या तबकडीची उष्णता पॅडमधून तेलापर्यंत पोचली आणि तेलात वाफेचे बुडबुडे झाले. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पायाचे बळ चाकापर्यंत गेलेच नाही. लाखोंच्या तबकड्या काही शे रुपयांच्या जुन्या तेलाने निरुपयोगी केल्या.

पुतण्याने तेल बदलले, मार्गासाठी बिडाच्या तबकड्या घेतल्या, आणि प्रत्येक सत्राच्या अखेरीस ब्रेक न दाबता एक संथ फेरी मारण्याचा नेम धरला, म्हणजे वाऱ्याने सारे निवते. गाडी उभी केल्यावर हातब्रेक ओढावयाचा नाही, हेही त्याने लक्षात ठेवले.

इंदूरच्या श्रोत्यांना पिथमपूर ठाऊकच असेल. तेथे २०२१ साली वाहनपरीक्षेसाठी ११.३ किलोमीटरचा अतिवेग-मार्ग खुला झाला. वेगाची हौस अशा बंद मार्गांवरच शोभते. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत सिरॅमिक तबकड्या कधीच येणार नाहीत, आणि त्यावाचून काही अडणारही नाही. परंतु ब्रेकचे तेल प्रत्येक गाडीत आहे. ते शेवटी केव्हा बदलले, एवढे आज घरी आठवून पाहावे.