कावीळ आणि आपला निष्काळजीपणा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. भोर-वेल्ह्यात वैद्यकी करताना एक प्रसंग माझ्या मनास कायमचा लागून राहिला आहे, तोच आपणांपुढे ठेवतो.

आपल्याच समाजातील एक मुलगी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. पावसाळ्याचे दिवस होते. तिला मळमळ होऊ लागली, अन्न नकोसे झाले आणि डोळे पिवळे दिसू लागले. घरच्यांनी कावीळ उतरविणाऱ्याकडे नेऊन चुन्याच्या पाण्यात हात धुविले, गळ्यात माळ घातली. त्या घरी मी सहज गेलो असता मला विचारण्यात आले आणि मीही म्हणालो, "आठ-पंधरा दिवसांत उतरेल." तिसऱ्या दिवशी ती दिवसा झोपू लागली, रात्री जागू लागली व असंबद्ध बोलू लागली. बाहेरचे काही झाले असावे, या समजुतीत आणखी एक रात्र गेली. पुण्यास पोहोचेपर्यंत तिची शुद्ध हरपली होती. माता आणि बालक दोघेही गेली. ते वाक्य मी उच्चारले नसते तर, हा विचार मला आजही सोडीत नाही.

कावीळ हा रोग नव्हे, ते यकृताच्या पीडेचे लक्षण आहे. अन्नातून शक्ती साठविणे, रक्त गोठविणारी द्रव्ये निर्माण करणे आणि शरीरातील विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे, ही कामे यकृत अहोरात्र करते. विषाणू यकृतात शिरला की त्याला हुसकून लावण्यासाठी शरीराची संरक्षक शक्ती बाधित पेशींवर तुटून पडते. बहुतेक वेळी हा संग्राम मर्यादेत राहतो व यकृत पुन्हा भरून येते. क्वचित मात्र तो इतका भडकतो की थोड्याच दिवसांत यकृताचा बहुतांश भाग नष्ट होतो. मग रक्त गोठत नाही, साखर घसरते, विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. यालाच यकृत अकस्मात निकामी होणे म्हणतात. इंग्लंड-अमेरिकेत याचे प्रमुख कारण औषधांचा अतिरेक हे आहे. आपल्या देशात ते विषाणुजन्य कावीळ हे आहे.

या विषाणूंपैकी 'ए' आणि 'ई' हे दूषित पाण्याने व अन्नाने पसरतात. 'बी' हा रक्तातून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बालकास होतो. 'ई'ची कथा आपल्या पुण्याशी निगडित आहे. १९५५ साली यमुनेच्या पुरानंतर दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यात क्लोरीन वाढविले होते, तरी हा विषाणू हटला नाही. त्या वेळी जपून ठेवलेले रक्तद्रव पुढे तपासले गेले. १९८० साली अमेरिकी संशोधकांनी व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी मिळून दाखविले की, ती साथ 'ए'ची नव्हती आणि 'बी'चीही नव्हती. तोच हा 'ई'. काश्मीरमधील १९७८ च्या साथीत असे आढळले की, ही कावीळ झालेल्या गर्भवतींपैकी सुमारे पाचांत एकीचे यकृत निकामी झाले. ज्या मुलीची हकीकत मी सांगितली, ती या धोक्याच्या ऐन तोंडी उभी होती आणि आम्ही तिच्या गळ्यात माळ घालून स्वस्थ बसलो होतो.

माळ उतरविणाऱ्यास यश का येते, हेही सांगतो. बहुसंख्य रोगी आपोआपच बरे होतात, त्याचे श्रेय माळेस मिळते. माळेतील काड्या सुकून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. तिचा यकृताशी काहीएक संबंध नाही. श्रद्धेचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु माळ घालावयाचीच असेल तर ती घालून त्याच दिवशी दवाखान्यात जावे, एवढीच विनंती आहे.

डोळ्यांच्या पिवळेपणावरून धोका मोजू नये. झोपेचा क्रम उलटला, बोलणे भरकटले, पुढे धरलेले हात फडफडू लागले, हिरड्यांतून वा नाकातून रक्त आले, ओकारी थांबेना, तर एक तासही न दवडता पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेची तपासणी करून घ्यावी. यकृतरोपणाची सोय पुण्यात आहे, पण वेळ हातून गेल्यावर तिचा उपयोग नाही. गर्भवतीस कावीळ होताच लक्षणांची वाट पाहूच नये. मनाने तापाच्या गोळ्या किंवा झाडपाला देऊ नये; मद्य तर वर्ज्यच.

आपल्या डोंगरांतील पाणी भाटघर आणि पानशेत येथे अडवून दूरदूरच्या लोकांना दिले जाते; पण आपल्या घरच्या हंड्यातील पाण्याची आपण किती काळजी घेतो? पावसाळ्यात झऱ्याचे व विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी ते खळखळून उकळूनच प्यावे. पुण्या-मुंबईत वाढलेली आपली तरुण मंडळी जत्रेस व लग्नकार्यास गावी येतात. बालपणी सौम्यपणे होऊन जाणारी 'ए' कावीळ मोठेपणी अधिक तीव्र असते, म्हणून त्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने तिची लस घ्यावी. नवजात बालकास 'बी'ची लस जन्मतःच टोचावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

मंडळाने वधूवरांच्या याद्या ठेवल्या, विद्यार्थ्यांस साहाय्य दिले, हे भूषणावहच आहे. आता एवढे आणखी करावे : प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने पावसाळ्यात आपल्या गावातील गर्भवतींच्या घरी जाऊन चौकशी करावी आणि रात्री-अपरात्री पुण्यास नेण्यासाठी वाहन कोणाचे, हे आधीच ठरवून ठेवावे. माझ्या हातून जी चूक झाली, ती आपल्यापैकी कोणाच्याही घरी पुन्हा होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.