परदेशी जाणाऱ्याचा अर्ज भरताना

श्रोतेहो, गावातल्या गुरुजींकडे कोणता कागद येत नाही? पूर्वी मनिऑर्डरीचा फॉर्म यायचा, तगाईचा अर्ज यायचा, लष्करातल्या मुलाला पत्र लिहून द्या म्हणून म्हातारी ओट्यावर येऊन बसायची. आता परदेशच्या व्हिसाचा अर्ज येतो. कुणाची लेक शिकागोला आहे, कुणाचा पुतण्या दुबईला, कुणाचा भाऊ न्यू जर्सीला. तिकडून फोन येतो, "एकदा येऊन जा. अर्जाचं काय, गुरुजी भरतील." आणि गुरुजी भरतात. मीही पुष्कळ भरले. त्यांतल्या एका अर्जात माझ्या हातून जी चूक झाली, ती आज तुम्हांला सांगणार आहे.

आमच्या वाडीत एक आक्का आहेत. साठी उलटलेल्या, यजमान नाहीत. अडीच एकर ऊस, दोन म्हशी, धाकटा मुलगा शेती बघतो. आक्कांचा पाठचा भाऊ तीसएक वर्षे अमेरिकेत आहे, तिथला नागरिक झालेला. २०२२ साली त्याचे हृदयाचे ऑपरेशन झाले. आक्का माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, एकदा डोळ्यांनी बघून येते. फोनवर कुनीबी 'बरा हाय' असंच म्हनतं."

पहिले काम पासपोर्टाचे. त्यासाठी आता दर वेळी मोठ्या शहरात जावे लागत नाही. २०१७ पासून अनेक ठिकाणच्या पोस्टातच त्याची केंद्रे निघाली आहेत. अडले ते जन्मतारखेपाशी. आक्कांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, आधार कार्डावर भलतीच तारीख, आणि त्या स्वतः म्हणतात, "मी नागपंचमीची." शिक्षकबंधूंनो, ही १ जून कोठून आली हे तुम्हांला मी सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायच्या, मुलाचे वय बसवायचे, म्हणून आपल्याच आधीच्या पिढीने हजेरीबुकात ती लिहून टाकली. निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला! त्यात आता बदल करीत बसू नये. मात्र सर्व कागदांवर एकच तारीख आणि एकच नाव हवे. आधार कार्ड आधी दुरुस्त करून घ्या, मग पासपोर्टाला हात घाला. नावाचेही तसेच. पासपोर्टावर आडनावाची जागा कोरी राहिली, तर अमेरिकेच्या व्हिसावर सगळे नाव आडनावाच्या रकान्यात जाते आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफ एन यू' अशी अक्षरे पडतात. त्यांचा अर्थ 'पहिले नाव माहीत नाही' असा. आपल्या सुभद्राबाईंना असे निनावी होऊन का फिरायला लावायचे?

पासपोर्ट आला आणि आम्ही अर्जाला बसलो. अमेरिकेला पाहुणा म्हणून जाण्याच्या अर्जाचे नाव 'डीएस-१६०'. तो इंटरनेटवर, इंग्रजीत भरावयाचा असतो. प्रश्न अनेक. कुठे उतरणार, खर्च कोण करणार, तिकडे सख्खे कोण आहे, मागच्या पाच वर्षांत कोणते फोन नंबर वापरले, फेसबुकवर कोणत्या नावाने आहात, इथपर्यंत. शिवाय वीस मिनिटे हात लावला नाही तर पान आपोआप बंद होते आणि न जपलेले पुसले जाते. म्हणून आधी सगळी उत्तरे वहीत मराठीत लिहून घ्यावीत, अर्जाचा क्रमांक त्याच वहीत टिपून ठेवावा, आणि मगच संगणकापुढे बसावे. मी हे केले नाही. मला वाटले, आपल्याला आक्कांची सगळी माहिती आहे.

त्यात एक प्रश्न असा आहे: अमेरिकेत कायमचे राहण्यास मिळावे म्हणून तुमच्या वतीने कुणी कधी अर्ज केला आहे काय? मी क्षणभरही थांबलो नाही. 'नाही'वर खूण केली आणि पुढे गेलो. आक्का शेजारीच बसल्या होत्या. त्यांना विचारायला अर्धे मिनिट लागले असते.

मुलाखतीच्या आधी पंधरा दिवस आक्का ट्रंकेतले कागद घेऊन आल्या. "ह्यातलं काय लागंल ते बघा." सातबारा, कारखान्याची बिले, रेशन कार्ड, आणि तळाशी २००९ सालच्या एका इंग्रजी पावतीची प्रत. भावाने बहिणीसाठी तिकडे अर्ज केला होता, त्याची ती पोच. आक्का ते विसरूनही गेल्या होत्या. विसरल्या यात नवल नाही. अमेरिकेच्या नागरिकाला आपल्या आईवडिलांना बोलावून घ्यायचे तर त्याला संख्येची मर्यादा नाही. परंतु भावंडांसाठी साऱ्या जगातून वर्षाला ६५,००० जागा आहेत, आणि रांग एवढी लांब की २०२५ साली भारतातल्या भावंडांचे २००६ च्या सुमारास केलेले अर्ज विचारात घेतले जात होते. आक्कांचा नंबर त्याही मागे.

माझ्या पोटात गोळा आला. कारण तिथला कायदा या बाबतीत कडक आहे. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असे ठरले, तर त्या माणसाला कायमची बंदी होऊ शकते. आणि अशा अर्जाची नोंद अधिकाऱ्याला समोरच्या पडद्यावर दिसू शकते. 'नाही' मी लिहिले होते, पण खिडकीपाशी उभ्या राहणार होत्या आक्का.

तालुक्याच्या गावी अशी कामे करून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांना विचारले. ते म्हणाले, "राहू द्या 'नाही'च. 'होय' लिहिलंत की नकार ठरलेला. म्हातारीला म्हणावं, नायगारा बघायला चाललेय म्हणून सांग." भावाला फोन केला, तोही चाचरला. शेवटी, जे पहिल्यांदा करायला हवे होते ते मी केले, आक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, "माझ्या भावानं माझ्यासाठी अर्ज केला, ह्यात लपवायसारखं काय हाय? हाय ते लिवा. आन् नायगारा कशाला? मी भावाला बघायला चाललेय."

आम्ही नवा अर्ज भरला. मुलाखतीआधी तसे करता येते. मात्र नव्या अर्जाचा क्रमांक मुलाखतीच्या नोंदीत वेळेवर बदलून घ्यावा लागतो, नाहीतर दारातूनच परत येण्याची पाळी येते. त्या अर्जाच्या शेवटी आणखी एक प्रश्न आहे: हा अर्ज भरण्यास तुम्हांला कुणी मदत केली काय? केली असेल तर त्याचे नाव-पत्ता द्यायचा. पहिल्या वेळी मी तेथेही 'नाही' म्हटले होते, उगाच आपले नाव कशाला म्हणून! या वेळी माझे नाव लिहिले. प्रत्येक उत्तर आक्कांना मराठीत वाचून दाखविले, आणि सहीचे बटण त्यांच्या बोटाने दाबले. नियमच तसा आहे. अर्ज कुणीही भरो, सही ज्याची त्यानेच करावयाची.

मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची कचेरी आहे. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि मदतनीस म्हणून आपण बरोबर गेलो असलो तरी आपले काम बाहेर थांबण्याचे. मुलाखत मराठीत देता येते, त्याची भीती नको. दोन-चार मिनिटांत आटोपते. पुष्कळ वेळा कागदांची पिशवी उघडलीसुद्धा जात नाही. तिकडच्या नातेवाइकांना हे सांगावे लागते. ते बँकेचे दाखले आणि आमंत्रणपत्रे यांचे बाड पाठवितात, आणि त्यांतले आमंत्रणपत्र कायद्याने लागतच नाही. त्यांच्याकडून आपल्याला हवा असतो खरा पत्ता, काम काय करतात, तिथे कोणत्या हक्काने राहतात, खर्च कोण करणार, आणि आपल्या माणसासाठी पूर्वी कधी अर्ज केला होता काय, एवढे.

२०२३ च्या अखेरीस आक्कांना नकार मिळाला.

१९५२ च्या तिथल्या कायद्यात असे धरून चाललेले आहे की, येणारा प्रत्येक पाहुणा राहण्यासाठीच येतो आहे. तसे नाही हे त्याने पटवून द्यावे. अधिकाऱ्याला पटले नाही. या नकारावर अपील नाही, फीही परत मिळत नाही. मात्र पुन्हा अर्ज करायला मनाई नसते. तालुक्याचे ते गृहस्थ मला बाजारात भेटले आणि नुसते हसले. मला बरेच दिवस झोप लागली नाही. खोटे लिहून व्हिसा मिळाला असता तर, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला, नाही कशाला म्हणू?

जाता जाता दुबई-मस्कतकडे जाणाऱ्या पोरांविषयी एक सांगतो. दलाल म्हणतो, "व्हिजिटवर जा, तिथं गेल्यावर कामाचं बघू." असल्या कामाला गुरुजींनी पेन उचलू नये. पाहुण्याच्या परवान्यावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे, आणि मालकाने पगार बुडविला तर दाद मागायला तोंड राहत नाही. परदेशी नोकरीला माणसे पाठविणाऱ्याला आपल्या सरकारची नोंदणी लागते. ती आधी बघावी.

आक्कांनी पुन्हा अर्ज केला. तारीख मिळता मिळता २०२५ उजाडले. १८५ डॉलर, म्हणजे पंधरा हजारांच्या पुढे, पुन्हा भरले. म्हशीचे दूध विकून भरले. अर्जातली उत्तरे तीच. यापूर्वी नकार मिळाला काय, या नव्या प्रश्नालाही 'होय'. या वेळच्या अधिकाऱ्याने विचारले, "भावाने तुमच्यासाठी अर्ज केलाय, मग तिथेच राहणार का?" आक्का म्हणाल्या, "सायेब, ऊस आत्ताच तुटून गेलाय. खोडव्याला खत-पानी कोन करनार? भावाला बघते आन् येते." पासपोर्ट ठेवून घेतला गेला.

दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आमच्या वाडीत आवई उठली, आक्का दहा वर्षांसाठी चालल्या. तसे नसते. दहा वर्षे ही दारापर्यंत जाण्याची मुदत. आत किती दिवस राहायचे ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. बहुधा सहा महिने देतात. ती तारीख उलटून सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास परतल्यावर तीन वर्षे, आणि वर्षभर राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. आम्ही ती तारीख आक्कांच्या पासपोर्टाच्या वेष्टणात चिठ्ठीवर लिहून ठेवायला लावली होती.

आक्का चार महिन्यांतच परत आल्या. भेटायला गेलो तेव्हा म्हशीला वैरण घालीत होत्या. भाऊ हिंडतो-फिरतो आहे म्हणाल्या. निघताना तो विचारीत होता, "आक्का, माझा तो जुना अर्ज निघाला तर येशील का गं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारले.

"म्हनलं, निघू दे की. तवर माझी आनिक धा-बारा पिकं निघतील."